ओलीचा माग

सुंदररावांनी रेकॉर्ड नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. वास होताच. कुबट, ओलसर, पावसाळ्यात न वाळलेल्या चादरीला येतो तसा.

"अजून जात नाहीं," ते तमिळ मुलखात जपलेल्या आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले.

जयलक्ष्मी दाराशी उभी होती. "ह्या खोलींत ठेवूं नका. ओसरीवर तरी न्या."

त्यांनी ऐकलं नाही. बायकोचं ऐकायची सवय निवृत्त झाल्यावर लावून घेऊ, असं ते वीज खात्यात असताना म्हणत. ते राहूनच गेलं. अडगळीच्या खोलीचं छत गळत होतं, गवंडी यायचा होता, म्हणून तिने ती नुकतीच झाडून रिकामी केली होती. इथे ऊन येत नाही, कुणाची ये-जा नाही. रेकॉर्ड धुवायला याहून बरी जागा घरात नव्हती.

रेकॉर्ड प्रद्युम्नच्या होत्या. त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून पोरगा दिवसभर गाणी ऐकत बसायचा. "ह्या घरांत एक तर त्या राहतील, नाहीं तर मी," असं सुंदरराव एकदा रागाच्या भरात बोलून गेले. बापाला घराबाहेर कसं काढायचं? पोरगाच रेकॉर्डचं खोकं घेऊन निघून गेला. काही दिवस आईला फोन यायचे, मग तेही थांबले. याला आता बरीच वर्षं झाली होती. सुंदररावांनी आधी ताठ्याने वाट पाहिली, मग भीतीने.

आणि गेल्या आठवड्यात, पितळी भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत, रंगा नावाच्या माणसाच्या जुन्या सामानाच्या दुकानात तो गठ्ठा दिसला. प्रत्येक वेष्टनाच्या कोपऱ्याला हिरवी चिकटपट्टी, पोराने स्वतः लावलेली. सुंदररावांनी गठ्ठा तिथल्या तिथे विकत घेतला. विकल्या कुणी, ते रंगाला ठाऊक नव्हतं. सतीशकुमार नावाचा एकजण सायकलवर घरोघर फिरून त्याला माल आणून द्यायचा, आणि तो गावी गेला होता. "आला की विचारतो, सार," रंगा म्हणाला.

गठ्ठा पाहून जयलक्ष्मी मटकन खाली बसली. कुठे मिळाला हेसुद्धा तिने विचारलं नाही. बिचारीचे शब्दच आटले, असं वाटून सुंदररावांनी आपणहून सगळं सांगितलं.

"तो ह्याच गांवांत आहे, जया. पोटासाठीं रेकॉर्ड विकतो, पण आपली पायरी चढवत नाहीं त्याला. एवढें वाईट केलें का मी?"

"असें नका म्हणूं," एवढंच ती म्हणाली आणि कॉफी ठेवायला आत गेली.

बुडत्याला काडीचा आधार, तसा सुंदररावांना त्या वासाचा आधार मिळाला. एवढी ओल म्हणजे पोरगा तळमजल्यावर राहत असणार, भिंतीला पाणी सुटलेल्या खोलीत, बहुधा कावेरीकडच्या बाजूला. ते तिकडच्या लॉजांमधून हिंडले, जिन्याखाली, बोळकंडीत वास घेत. एका मॅनेजरने हटकलं तेव्हा पुढच्या लॉजकडे वळले. हुबेहूब तो वास कुठेच आला नाही. घरी येऊन ते रेकॉर्ड पुसता पुसता रडले. पोरगा हाकेच्या अंतरावर कुढत असेल आणि आपण त्याचं दार शोधू शकत नाही, हे त्यांना सोसवत नव्हतं.

मग एकच गोष्ट हातात उरली. तो येईल तेव्हा त्याच्या रेकॉर्ड त्याच्या हातात द्यायच्या, कुबट नाही, स्वच्छ. त्यांनी बॅटरीत घालायचं पाणी आणलं, त्यात स्पिरिट मिसळून मऊ फडक्याने एकेक रेकॉर्ड गोल गोल पुसली. कागदी पाकिटं फेकून नवी घातली. पुठ्ठ्याची वेष्टनं खाण्याच्या सोड्याबरोबर डब्यात बंद करून ठेवली, कोळसा ठेवला. वेष्टनांना धूप दाखवला, तर धुपाचा आणि कुबट असे दोन वास येऊ लागले.

शेवटी हात टेकून त्यांनी सगळं ओसरीवर हलवलं. दोन-चार दिवसांत वास गेला. खरंच गेला. त्यांनी पुन्हा पुन्हा हुंगून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले. जेवताना म्हणाले, "पहिली रेकॉर्ड तोच लावील. मी हात लावणार नाहीं."

जयलक्ष्मीने पान तसंच टाकलं आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगा आला. बरोबर सतीशकुमार होता, गावाहून परतलेला. सुंदररावांनी दोघांना ओसरीवर बसवलं आणि तमिळमध्ये सतीशकुमारला विचारलं.

"कोण होता? कसा दिसत होता? बारीक झालाय का फार?"

सतीशकुमार गोंधळला. त्याने घराकडे पाहिलं, शेजारच्या बोळाकडे पाहिलं. "सार, मला तर..."

तेवढ्यात जयलक्ष्मी कॉफी घेऊन बाहेर आली. सतीशकुमारचा चेहरा उजळला.

"ह्या अम्मांनीच दिल्या की, सार. मागच्या दाराने. दूर कुठे तरी नेऊन विक म्हणाल्या. रंगाअण्णाचंच दुकान मला जवळ पडतं, म्हणून..."

"चुकतो आहेस बाबा," सुंदरराव हसून म्हणाले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

जयलक्ष्मीने कॉफीचे पेले खाली ठेवले. ती मराठीतच बोलली, त्या दोघांना कळू नये म्हणून.

"तुमचें हृदयाचें ऑपरेशन झालें त्या आठवड्यांत खोकें आलें. कपडेही होते त्यांत. डाक्टर म्हणाले, ह्यांस इतक्यांत कांहीं सांगूं नका. मग सांगायचा धीर झाला नाहीं, अडगळीच्या खोलींत लपवून ठेवलें."

"कोणी पाठवलें? तो कोठें आहे?"

तिने पदराने तोंड पुसलं.

"परवां त्याची तिथी आहे. इतकीं वर्षें माझा भाऊ करत आला. ह्या वर्षीं तुम्ही करा."