लिंबापुरतं टोक

"धार मोडून टाक," मथुरा म्हणाली.

भागोजी लोहाराने भाता थांबवला. "चाकूची धार मोडू? मग ऱ्हवला काय, वैनीबाय?"

"टोक राहील. लिंबापुरतं."

दारात उभ्या आत्मारामला जरा हायसं वाटलं. मथुरा ही त्याच्या थोरल्या भावाची विधवा. मुंबईला शिकलेली, जिभेची तिखट. तिची मुलगी चिमा तेरा वर्षांची. चिमेला ठरवलेला नवरा म्हणजे गुहागरचे महिपतशेट, सुपारीवाले, दोन बायका पोचवून बसलेले. पण त्यांच्या वखारीवर आत्मारामला दिवाणजीची जागा मिळणार होती.

"मी माझी पोर देणार नाही," असं मथुरेने एकदाच सांगितलं होतं.

"तुम्हांला विचारलंय कोणी, वहिनी?" तो म्हणाला होता. तेव्हापासून ती गप्प होती, आणि त्या गप्पपणाचीच त्याला धास्ती. म्हणून तर तो तिच्या मागोमाग लोहाराकडे आला होता.

मांडवाकडे निघताना नवऱ्याच्या हातात कट्यार हवी, टोकाला लिंबू खोचलेलं, दृष्ट लागू नये म्हणून. शेटांचं मनगट संधिवाताने धरलेलं. घरची कट्यार पेलेना. तेव्हा मथुरेनेच आपल्या नवऱ्याचा चाकू काढून दिला. खलाशी होता तो. बोटीवरून आणलेला, घडीचा, खिशात मावणारा चाकू. त्याच्यामागे तेवढाच उरलेला.

"शिंगाची मूठ काढ, हलकं लाकूड बसव," ती सांगत होती. "आणि पात्याला दाब देणारी आतली पट्टी घास. बोटाने उघडला पाहिजे. हात दुखतात म्हणे जावयांचे."

भागोजीने पट्टी घासली, चाकू उघडून पाहिला. "बस?"

"आणखी घास."

"जोर ऱ्हायचा नाय, वैनीबाय."

"जोर कशाला? लिंबू धरायचंय, कोंबडा नाही कापायचा."

आत्माराम खो खो हसला. चाकू घेऊन त्याने पात्यावरून अंगठा दाबून फिरवला. साधा ओरखडा उठला नाही. हातात काही आहे असंही वाटेना.

"झकास! शहाणपण आलं म्हणायचं, वहिनी. आता एक सांभाळा. शेटांच्या आत्याबाई, यमुनाबाई, भारी शकुन पाहणाऱ्या. सावर्ड्याच्या सोयरिकीत नारळ नासका निघाला, तर भरल्या साखरपुड्यातून उठून आल्या. तुमचं ते 'मी शकुन मानत नाही' त्यांच्यापुढे काढू नका."

"नाही काढणार," मथुरा म्हणाली.

आणि शब्दाला जागली. लग्नाच्या सकाळी तिने परसातलं लिंबू स्वतः तोडलं, चाकूबरोबर जानवशाला पाठवलं. मुठीएवढं होतं.

"चांगलं भरघोस काढलंत," आत्माराम म्हणाला.

वाजंत्री वाजत शेट मांडवाच्या दाराशी आले. चाकू ताठ उभा, टोकावर पिवळंधमक लिंबू. बायका एकमेकींना दाखवू लागल्या. मथुरा मागे खांबाआड उभी होती. विधवेने पुढे यायचं नव्हतं.

सवाष्णीने आरती उचलली. कुंकू लावून घ्यायला शेट वाकले.

पातं कलंडलं, लिंबू निसटलं, आणि टक् करून चाकू मिटला.

लिंबू गडगडत यमुनाबाईंच्या पायाशी जाऊन थांबलं. वाजंत्रीवाले थांबले. शेटांनी घाईघाईने बोटं पाहिली. एकालाही लागलं नव्हतं. पण यमुनाबाईंची नजर लिंबावरून हलेना.

"माघारी फिरा," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, चाकूच तो! मिटायचाच!" आत्माराम आडवा झाला.

"मांडवाच्या दारात? हातातल्या हातात? दोघी गेल्या, आता आमचा महिपत घालवायचाय होय रे?"

तो रस्त्यापर्यंत विनवण्या करत धावला. परत आला तेव्हा मांडव अर्धा रिकामा झाला होता. भागोजी मान खाली घालून चंचीत चुना शोधत होता. मथुरा खांबाआडून निघाली, सगळ्यांच्या देखत मांडवातून चालत आली आणि वाकून तिने लिंबू उचललं.

"वहिनी, हात नका लावू त्याला! अपशकुनी आहे ते!"

मथुरेने लिंबू पदराला पुसलं.

"चिमे, त्या मुंडावळ्या सोड गो, आणि साखर काढ. सरबत करू. मी कुठे शकुन मानते?"