आत एकच माणूस

पिकअप दवाखान्याच्या मागच्या दाराशी थांबली. हॅझबा मागे हौद्यात बसली होती, केबिनकडे पाठ करून. घरापासून इथपर्यंतचा कच्चा रस्ता तिने उलटाच पाहिला होता. केसांत आणि पापण्यांवर लाल धूळ बसली होती.

केबिनमध्ये तिची मुलगी रोवीना बाळंतपणाच्या कळांनी कण्हत होती आणि मधूनमधून खोकत होती. गाडी तिचा नवरा डेल्विन चालवत होता. रोवीनाला साथीची लागण झाली म्हणून आई मागे बसली असेल, असं कुणालाही वाटलं असतं. पण लागण नसती तरी हॅझबा मागेच बसली असती. अमेरिकेतल्या या नवाहो आदिवासींत सासूने जावयाचं तोंड बघायचं नाही, जावयाने सासूचं. बघितलं तर दृष्टी जाते. नव्या पोरांनी हे सोडून दिलं होतं. हॅझबाने सोडलं नव्हतं, त्यामुळे डेल्विनलाही सोडता आलं नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली तरी तिला फक्त त्याची पाठ ओळखीची होती.

"जगाला आत्ता कळलं अंतर कसं ठेवायचं ते," डेल्विन मित्रांना सांगायचा. "माझा सराव जुना आहे."

दारात नर्स आली, लुआन. अंगात पिवळा झगा, तोंडाला मास्क, त्यावर प्लास्टिकची काच. तीही नवाहोच.

"आत एकच माणूस," ती म्हणाली. "कोण येतंय?"

"मी," म्हणत हॅझबा हौद्यातून उतरली. डेल्विनने लगेच भिंतीकडे तोंड केलं.

"आजी, साखर आहे तुम्हाला?"

"या वयात कुणाला नसते?"

"आमचा वॉर्ड लागण झालेल्या पोटुशा बायकांनी भरलाय. आत आलात तर तुम्हालाही होईल. आणि तुम्हाला झाली तर ती साधी राहायची नाही."

"ही जन्मली तेव्हा माझी आई माझ्याजवळ होती. मी काय गाडी राखत बसू?"

डेल्विन भिंतीशी बोलला, "लुआन, त्यांनाच जाऊ दे. मला यातलं काही कळत नाही."

"तुला धोका कमी. तू या साथीतून उठलायस ना?"

"गेल्या महिन्यातच. पण मला मेंढी विताना बघवत नाही गं."

"त्याला सांग, ते मला माहीत आहे," हॅझबा लुआनला म्हणाली. "मेंढ्या माझ्या आहेत."

रोवीना दाराची चौकट धरून उभी होती. कळ ओसरली तशी ती म्हणाली, "तुमचं ठरेपर्यंत मी इथेच गाड्यांच्या मध्ये मोकळी होते." मग तिला खोकला आला. तो थांबायला वेळ लागला.

"आई," ती म्हणाली, "मला तू हवी आहेस. पण बाळाला आजी हवी आहे. तू बाहेर थांब."

वाऱ्याने हॅझबाचा घागरा फडफडत होता. थोड्या वेळाने तिने कमरेचा विणलेला लाल पट्टा सोडला.

"नर्सबाई, ऐक. आणखी कुणाला ऐकायचं असेल तर त्यानेही ऐकावं. हा वर कडीला अडकवायचा. कळ आली की ती धरून ओढेल. मागे बसायचं, दोन्ही हात पोटावर घ्यायचे आणि तिचा भार आपल्या छातीवर येऊ द्यायचा. 'जोर लाव, जोर लाव' करून ओरडायचं नाही. तिला राग येतो. गप्प बसून धरायचं."

भिंतीकडे तोंड केलेला डेल्विन मान हलवत होता.

"आणि चक्कर आली तर?" त्याने भिंतीला विचारलं.

"तर म्हणावं, मागे पड. तिच्या अंगावर नको."

कळांतूनही रोवीनाला हसू आलं. डेल्विनही हसला आणि त्या नादात पट्टा घ्यायला वळलाच.

"वळू नकोस!" हॅझबा ओरडली. तिने डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून घेतला. ती त्याच्याशी थेट बोललेले हे पहिलेच शब्द.

"आजी, त्याने मास्क लावलाय," लुआन म्हणाली. "दिसतंय काय त्याचं?"

"डोळे."

डेल्विनने हात पाठीमागे केला. हॅझबाने त्यावर पट्टा ठेवला, त्याची बोटं पट्ट्यावर मिटवली आणि मागे सरली. दार बंद झालं.

ती पुन्हा हौद्यात जाऊन बसली. थर्मासमध्ये निळ्या मक्याची पेज होती, बाळंतिणीसाठी. भूक लागली तरी तिने झाकण उघडलं नाही. सावल्या लांबल्या. आतून कुठलाच आवाज येत नव्हता. ती त्या बंद दाराकडे बघत राहिली.

शेवटी लुआनने डोकं बाहेर काढलं.

"मुलगी! आणि रोवीना ठीक आहे आजी. ऑक्सिजनसुद्धा लागला नाही. त्या कोपऱ्यावरच्या खिडकीशी या."

"आणि तो? पडला का?"

"नाही पडला. रडला मात्र पुष्कळ."

हॅझबा खिडकीशी गेली. आत रोवीना पलंगावर टेकून बसली होती. घामेजलेली, थकलेली. तिने आईला हात केला. आणि पिवळा झगा घातलेला एक माणूस उलट्या पावलांनी, पलंगाला धक्का लागू नये म्हणून जपून, हळूहळू खिडकीकडे येत होता. त्याची पाठ काचेला टेकली. त्याच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं, तोंड बाहेर करून.

बाळाने जांभई दिली. हॅझबाने नातीला मनसोक्त पाहून घेतलं. मग जिथे डेल्विनची पाठ टेकली होती, तिथे काचेवर हात ठेवला.