हात मांडीखाली

"साहेब, तुमी खोटं लिहिलंय." नीलम्मानं प्रगतिपुस्तक टेबलावर ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. "'लक्षपूर्वक ऐकते.' जन्मापासनं बहिरी हाय ही. काय ऐकती?"

शेजारी बारा वर्षांची काव्या उभी होती. कपाळाला विभूती, शाळेचा गणवेश, दोन घट्ट वेण्या. ती भिंतीकडे बघत होती.

"अहो मावशी, सगळ्याच मुलांना तो शेरा आहे. कॉम्प्युटरमधून तयार येतो."

"मग कॉम्प्युटरला सांगा की, बहिरी हाय म्हणून."

कोपऱ्यातला कारकून हसला. साहेबांनी बघितलं तसा गप्प झाला. नीलम्मा हसली नाही, चिडलीही नाही. चिडून झालं होतं. टॉवेलच्या काठाला शिलाई मारावी तसं ती बोलत होती, सरळ, एका रेषेत.

"बहिऱ्या पोरांचा वर्ग परत उगडा. सिद्धेश्वरीबाईंचा."

दोन खोल्यांचा वर्ग होता तो. सिद्धेश्वरीबाई हातांनी शिकवायच्या, पोरं हातांनी भांडायची. दोन वर्षांपूर्वी खोल्यांना कुलूप लागलं आणि पोरं फोनवर बसवली गेली. आता त्या खोल्या कायमच्या सोडायचा कागद साहेबांसमोर होता. सही तेवढी राहिली होती. बाईंकडून हे कळलं तशी नीलम्मा शिलाई टाकून, पोरीला घेऊन, रिक्षानं सात रस्त्यावरच्या या शिक्षण कार्यालयात आली होती.

"वर्ग बंद कुठं आहे? ऑनलाइन चालू आहे." साहेबांनी कागद तिच्याकडे फिरवला. "हे बघा. तुमच्या मुलीची हजेरी शंभर टक्के. अख्ख्या जिल्ह्यात पहिली. मुलं घरबसल्या रोज हजर राहतात, तर खोल्या कशाला हव्यात? हे आकडे बघूनच वरून मंजुरी आलीय."

नीलम्मा कागदाकडे बघत राहिली.

"आणि फोनवर ते हजेरीचं बटण कोण दाबत होतं? तुम्हीच ना?"

"व्हय," ती म्हणाली. "मीच."

रोज सकाळी दहाला. पोरीला आंघोळ, विभूती, वेण्या, गणवेश. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. फोनवर एक पान दिसायचं आणि पानामागून कुठल्या तरी मॅडम बोलायच्या. त्यांचा चेहरा नाही, हात नाहीत. नुसता आवाज. पहिल्या दिवशी काव्यानं तीन बोटं कपाळावर आडवी फिरवली. ती सिद्धेश्वरीबाईंची खूण. बाई कुठायत, असं ती विचारत होती.

फोन दर पाच मिनिटांनी पोरांचा फोटो काढायचा. चेहरा स्वच्छ आला तर हिरवी खूण. हात मध्ये आला की फोटो पुसट, लाल खूण. तीन लाल झाल्या आणि मेसेज आला, नाव कमी करण्यात येईल. नाव गेलं तर वर्ग उघडेल तेव्हा पोरीला आत कोण घेणार? नीलम्मानं काव्याचे दोन्ही हात धरले आणि तिच्याच मांड्यांखाली सारले. वरून दाबून धरले. आठ दिवस पोरगी रडली. नवव्या दिवशी आपणच हात खाली घालून बसली. त्यानंतर लाल खूण कधी आली नाही.

पुढं तास संपल्यावरही ते हात फारसे वर आले नाहीत. घरात पोरगी काही विचारेना. नीलम्माला वाटलं, शहाणी झाली.

वर्ग उघडेल तेव्हा नाव असावं म्हणून तिनं हजेरी जपली. त्याच हजेरीनं वर्ग बंद केला होता. ते तिला आत्ता, या टेबलापाशी कळलं.

साहेबांना वाटलं, बाई समजली. ते जरा मऊ झाले. "थांबा, तुम्हाला दाखवतोच." त्यांनी आपल्या खुर्चीवर काव्याला बसवलं आणि कॉम्प्युटरवर चालू तास उघडला. नेट ढिलं होतं. पांढऱ्या पडद्यावर एक गोल नुसता फिरत राहिला.

काव्या ताठ बसली. दोन्ही हात मांड्यांखाली गेले. डोळे त्या गोलावर.

"बघा! किती लक्ष आहे पोरीचं!"

कारकुनानं पडदा बघितला, मग पोरीकडे बघितलं. "साहेब," तो हळूच म्हणाला, "अजून सुरू कुठं झालंय?"

साहेब खाकरले. त्यांनी पडदा बंद केला. काळ्या पडद्यासमोर काव्या तशीच बसून होती.

"ऊठ बाळ. झालं."

काही नाही.

"ऊठ!" ते मोठ्यानं ओरडले. बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. साहेबांनी तिच्या तोंडासमोर हात हलवला. काव्यानं मान जराशी बाजूला घेतली. फोटोत चेहरा नीट यावा म्हणून.

"अहो, उठवा हिला. मला सही करायचीय."

नीलम्मानं पोरीला हात लावला नाही. ती समोरच्या खुर्चीवर बसली.

"न्हाई उठायची ती. चाळीस मिन्टाचा तास असतोय. मीच लावलंय वळण." तिनं प्रगतिपुस्तक उचलून त्या कागदावर ठेवलं, सहीच्या जागेवर. "लई येळ हाय तुमाला. दोन वरसं हजर हुती ही, शंभर टक्के. शेरा नगं मला. सांगा, काय शिकली ही?"