वन्स मोअर

ज्या विलायती रॉक बँडच्या गाण्यांना अख्खं डोंगरकडा गाव 'डबे बडवणं' म्हणायचं, त्याच बँडचं चित्र टी-शर्टावर मिरवत आता पोरं बाजारात हिंडतात. गाणं एकालाही ठाऊक न्हाई. संतरामला त्याची चीड यायची.

तेव्हा संतरामकडं ती गाणी ऐकायला एकटा त्याचा दोस्त मुन्ना यायचा, टेपासमोरच्या खुर्चीत बसायचा. गाणं संपलं की तमाशाला आल्यागत कॅसेटलाच "वन्स मोअर!" ओरडायचा. तो मेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

आज भर दुपारी संतरामनं तीच कॅसेट लावली. गाणं संपलं, परदेशातल्या गर्दीच्या टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांतून आवाज आला, "वन्स मोअर, संत्या!"

त्यानं झटकन टेप बंद केला.

बायको, शालूबाई, चुलीपासून उठून आली. रिकाम्या खुर्चीकडं बघून तिनं पदर सावरला.

"लावा की परत. काहून तरसवून राहिले भाऊजींना?"