उलट्या पावलांनी

किल्ल्यावरच्या गर्दीत हात सुटला आणि बाबा दिसेनासे झाले. ती विहिरीत डोकावून आली, तळघर पाहून आली, आणि शेवटी ते सापडले तटावर. तीस वर्षं या किल्ल्यावर गाईड म्हणून फिरायचे तसेच, चार पर्यटकांकडे तोंड करून, ते उलट्या पावलांनी मागे मागे चालले होते. गोष्ट अगदी तोंडपाठ. पर्यटक माना वर करून बुरूज बघण्यात दंग. मागचा तट मात्र गेल्या वर्षीच ढासळला होता, आणि ज्यांना सकाळचा चहा आठवत नाही, त्यांना ते कुठून आठवणार?

"बाबा!"

त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आणखी दोन पावलं मागे. मग तिने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"गाईडसाहेब, मला इथून काहीच दिसत नाही हो!"

ते चटकन थांबले, पुढे आले, आणि तिचा थरथरता हात त्यांनी हातात घेतला.

"घाबरू नका, ताई. फक्त माझा हात सोडू नका. माझी मुलगीसुद्धा इथं आली की अशीच लटपटते."