केव्हा वापरू नये

“मग तुम्ही खाट मोकळी केव्हा करायचात?” लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाने विचारलं.

“माणूस गेल्यावर,” वॉर्डच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

“मीही तेच लिहिलंय.”

खरंच तेच लिहिलं होतं. इस्पितळाचा कॉम्प्युटर सोमवारपासून माणसांऐवजी एआय चालवत होता. कुठल्या बटणाने काय होतं आणि ते केव्हा दाबायचं, हे त्या एआयला साध्या वाक्यांत लिहून द्यायचं, हे या माणसाचं काम. वॉर्डात त्याला सगळे ‘शब्दवाले’ म्हणत. त्याच्या वाक्यावर बोट ठेवायला जागा नसायची. ‘खाट मोकळी करा’ या बटणाखाली त्याने लिहिलं होतं : ‘डॉक्टरांनी मृत्यूची नोंद केल्याबरोबर वापरावे. सफाईनंतर खाट यादीतल्या पुढच्या रुग्णाला मिळते.’ त्याखाली ‘केव्हा वापरू नये’ असा एक रकाना होता. तो कोरा होता. मोकळी खाट अडवून ठेवायचं एकही कारण त्याला सुचलं नव्हतं.

“लगेच नाही हो करायचे मी,” सिस्टर म्हणाल्या. “घरचं कुणीतरी शेजारी बसलेलं असायचं. त्याचं रडून व्हायचं, पिशवी भरून व्हायची. ते उठलं की मग बटण दाबायचे.”

“म्हणजे साधारण किती मिनिटं?”

“लोक काय घड्याळ लावून रडतात?”

“हे आधी सांगायचं ना, सिस्टर.”

“हे सांगायचं असतं, हे मला काय ठाऊक? तेवीस वर्षांत कुणी विचारलं नाही.”

तेवढ्यात नऊ नंबरच्या खाटेचा पडदा सरकला. डॉक्टर बाहेर आले, सिस्टरकडे बघून नुसती मान हलवली आणि नोंद करायला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी गेले.

सिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो, आजींजवळ बसलेल्या आजोबांना मीच खाली पाठवलंय. आजी सकाळपासून केस विंचरून द्या म्हणत होत्या. कंगवा आणायला गेलेत ते. थांबवा तुमच्या त्याला!”

“मला थांबवता येत नाही. मला फक्त लिहिता येतं.”

“मग लिहा की!”

त्याने कोऱ्या रकान्यात लिहिलं : ‘जवळचं माणूस शेजारी असेल तर वापरू नये.’ लॅपटॉपच्या पडद्यावर लगेच उत्तर उमटलं : ‘शेजारी कोणी आहे का, हे कळण्याची मला सोय नाही.’ त्याने ते खोडलं. ‘जवळचं माणूस येऊन जाईपर्यंत थांबावे.’ उत्तर आलं : ‘थांबण्याची मर्यादा मिनिटांत द्यावी.’

त्याने तीस लिहिलं. बाहेरच्या बोळातून खोकल्याची उबळ ऐकू आली. यादीत पहिलं नाव सात वर्षांच्या एका मुलीचं होतं. तिला सकाळपासून बोळातच स्ट्रेचरवर ठेवलं होतं. त्याने तीस खोडून दहा केले. दहा खोडून पाच केले. मग पाचही खोडले.

तोवर एआयने आधीचं वाक्य वाचून आपलं काम केलं होतं. सफाईचे मामा बादली घेऊन दारात उभे होते.

“मामा, जरा थांबा,” सिस्टर म्हणाल्या.

“थांबतो की. पण पोरगी निळी पडायला लागलीय, सिस्टर.”

सिस्टर बाजूला झाल्या. आजींना चादरीत गुंडाळून मागच्या लिफ्टने खाली नेलं. गादी पुसली, चादर बदलली, मुलीला उचलून वर घेतलं. खाटेशेजारच्या स्टुलावर मुलीची आई बसली आणि तिने पोरीच्या नाकावरचा मास्क धरून ठेवला. यात कुणाचं काय चुकलं, हे शब्दवाल्याला सांगता आलं नसतं.

सिस्टर मुलीला इंजेक्शन देत असताना आजोबा आले. हातात कागदात गुंडाळलेला कंगवा. ते नवव्या खाटेपाशी गेले, मुलीकडे बघितलं, मग खाटेवरचा नंबर बघितला. “माफ करा हं,” असं मुलीच्या आईला म्हणून ते बाहेर गेले. दारावरची वॉर्डची पाटी वाचून पुन्हा आत आले आणि सरळ टेबलापाशी आले.

“साहेब, तुमच्या कॉम्प्युटरात जरा बघता का? नऊ नंबरच्या बाईंना कुठे हलवलंय?”

पडद्यावर सगळं होतं. सोपं, छोटं, गैरसमज होणार नाही असं वाक्य लिहिण्यात शब्दवाल्याचा हात कुणी धरला नसता. तो उठला आणि आपली खुर्ची त्याने आजोबांपुढे सरकवली.

“बसा, आजोबा.”

“बसत नाही आता,” आजोबा कंगव्यावरचा कागद सोडत म्हणाले. “ती वाट बघत असेल.”