कडी

“एक हात कडीवर ठेवजो, भाऊ. कडी निंघनी का डोल पालथा!” खाज्या रहाटाजवळून ओरडला.

अभिमनने मान हलवली. पुलाच्या कामाचा दगड वाहणारा लोखंडी डोल तारेला लटकत होता. खाली पांझरा दोन्ही थड्या भरून चालली होती. देवपूर अलीकडे, धुळ्याचा सरकारी दवाखाना पलीकडे. कालपासून नावही सुटली नव्हती. डोलात माणूस बसवायचा नाही अशी साहेबाची ताकीद होती, पण साहेबही पलीकडेच अडकला होता.

कमलबाई आधीच आत बसली होती. मांडीवर दोन वर्षांचं पोर. घटसर्पाने त्याचा घसा धरला होता, श्वास करवतीसारखा वाजत होता. नवरा लोटन गिरणीच्या कामाला जळगावात. घरात पुरुषमाणूस म्हणजे हा जेठच, लोटनचा थोरला भाऊ. आणि सात वर्षांत तिने जेठासमोर ना तोंडावरचा पदर वर केला होता, ना तोंडातून शब्द काढला होता; त्याचं नाव घेणं तर दूरच.

अभिमन चढला आणि तिच्याकडे पाठ करून बसला. कडी दोघांच्या मधोमध. ती नीट धरायची तर तोंड वळवायला हवं, आणि काठावर सारं देवपूर बघत होतं. त्याने हात मागे नेला, चाचपून कडी धरली. रीत म्हणजे रीत, मग खाली पूर असो नाही तर पाताळ!

रहाट फिरला. डोल डुलत निघाला.

मधोमध आल्यावर वारा सुटला. तारेला हिसका बसला, तसा अभिमनचा हात कडीवरून घसरून डोलाच्या काठावर पडला. त्याने तोच घट्ट आवळला. लोखंड ते लोखंड, न बघता काय कळणार? कडी हळूहळू वर सरकू लागली.

कमलबाईचे दोन्ही हात पोरात गुंतलेले.

“दादा!”

पाण्याच्या आवाजात ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. मग तिने छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढला.

“अभिमन! कडी!”

तो वळला. दोन्ही हातांनी कडी दाबून धरली आणि पलीकडचा काठ येईपर्यंत पुन्हा पाठ फिरवली नाही. तिचा पदर वाऱ्याने केव्हाच उडाला होता. ते घाबरलेलं, संतापलेलं तोंड तो पहिल्यांदा बघत होता.

दवाखान्यात पोराला सुई टोचली. कमलबाई आतच राहिली. अभिमन ओसरीवर येरझाऱ्या घालत होता, बसवेना त्याला. आतून तोच घरघराट येत होता, आणि तो थांबू नये एवढंच त्याला वाटत होतं.

पुरामुळे धुळ्यात अडकलेला शेजारी बन्सीलाल धापा टाकत आला. काठावरच्या साऱ्यांसोबत त्यानेही ती हाक ऐकली होती.

“बठ्ठा काठनी आयकं, अभिमन! लोटननी बायकोनी तुन्हं नाव लिधं. जेठनं नाव! आते घर जाईसन काय सांगशी?”

अभिमन थांबला.

“सांगसू,” तो म्हणाला, “नाव लिधं, म्हनीसन मी वळनू.”